फाईल कुणी उघडली?

(दृश्य : लोखंडी मांडणी, लाल कापडात बांधलेले दप्तराचे गठ्ठे. कॅमेरा एका गाठीवर येऊन थांबतो.)

या गाठीकडे बघा. मुंबईतल्या एका पोलीस ठाण्याची ही रेकॉर्ड रूम. पावसाळी हवेत कापड आवळलं जातं आणि नुसत्या बोटांनी गाठ सुटत नाही. हवालदारांनी बॉलपेनचं टोपण गाठीत घातलं, दोनदा पिळलं, तेव्हा कुठे ती सैल झाली.

गुन्हेगाराच्या मनात शिरणाऱ्या तपासनिसांच्या मालिकांमध्ये हे दृश्य फारसं दिसत नाही. आम्ही ते मुद्दाम पूर्ण ठेवलं आहे. घाई करू नका, गाठ सुटू द्या.

(दृश्य : पहाटेचा मुंबई विमानतळ, उतरणारं विमान.)

२२ सप्टेंबर २००५ रोजी अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर ‘क्रिमिनल माइंड्स’ सुरू झाली. एफबीआयचे प्रोफायलर, म्हणजे घटनास्थळ पाहून गुन्हेगार कसा माणूस असेल ते सांगणारे तज्ज्ञ, हे तिचे नायक. मालिका चालली, तशा तिला फांद्या फुटल्या. २०११ साली फॉरेस्ट व्हिटेकर यांना घेऊन आलेली पहिली उपमालिका १३ भागांत आटोपली. दुसरी १६ मार्च २०१६ रोजी आली : ‘क्रिमिनल माइंड्स : बियाँड बॉर्डर्स’. प्रमुख भूमिकेत गॅरी सिनिस. परदेशात अमेरिकन माणूस संकटात सापडला की हा चमू विमानाने तिथे पोहोचणार. बहुतेक भागांत नवा देश.

दुसऱ्याच आठवड्यात, २३ मार्चला, त्यांचं विमान मुंबईत उतरलं. अमेरिकन तरुण शुद्धीवर येतो आणि त्याची एक किडनी नाहीशी झालेली असते, असं कथानक. इकडे त्याच आठवड्यात धुळवड होती.

विषय खोटा म्हणता येणार नाही. किडनीचा बाजार ही आपली जुनी जखम आहे. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून ज्या राज्यांत तो सर्वात आधी लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. माझं म्हणणं वेगळं आहे. तासाभराच्या खेळात परक्या शहरात उतरून, तिथली भाषा, गल्ल्या, तिथलं दप्तर यांच्याशी ओळख नसताना गुन्हा उलगडता येतो, हा समज अशा मालिका पसरवतात. खरे गुन्हे उलगडले त्यांच्या गोष्टी ऐका.

(दृश्य : जुनी वर्तमानपत्रं, न्यूयॉर्कची कृष्णधवल छायाचित्रं.)

प्रोफायलिंगचा इतिहास सांगायला बसलं की पहिलं नाव निघतं डॉ. जेम्स ब्रसेल यांचं. १९४० पासून न्यूयॉर्कमध्ये कुणीतरी बॉम्ब ठेवत होतं. स्टेशनांत, चित्रपटगृहांत, वाचनालयात. एकूण ३३ बॉम्ब. त्यातले २२ फुटले, १५ माणसं जखमी झाली. पत्रांखाली सही असायची फक्त ‘एफ. पी.’ पोलीस थकले आणि १९५६ च्या डिसेंबरात मनोविकारतज्ज्ञ ब्रसेल यांच्याकडे गेले. त्यांनी गुन्हेगाराचं चित्र उभं केलं. पुढे त्यांनी लिहिलं की, तो सापडेल तेव्हा त्याच्या अंगावर डबल ब्रेस्टेड कोट असेल आणि बटणं लावलेली असतील, हेही आपण सांगितलं होतं. हा कोट जगभर गाजला.

पण पत्ता त्या कोटाने दिला नाही. कन्सॉलिडेटेड एडिसन या वीज कंपनीत ॲलिस केली नावाची कारकून होती. नुकसानभरपाईच्या भांडखोर प्रकरणांच्या जुन्या फायली ती एकेक करून वाचत होती. जानेवारी १९५७ मध्ये एका फायलीपाशी ती थांबली. जॉर्ज मेटेस्की, १९३१ साली वीजकेंद्रातल्या अपघातात जखमी झालेला कामगार. अन्याय, कायमचं अपंगत्व, हे शब्द बॉम्बवाल्याच्या पत्रांतही होते आणि या कामगाराच्या तक्रारीतही. काही दिवसांतच, २१ जानेवारीला, पोलीस कनेटिकटमधल्या वॉटरबरी गावात त्याच्या दारात उभे होते. ‘एफ. पी.’ म्हणजे फेअर प्ले, न्यायाचा खेळ, असं त्याने सांगितलं.

ब्रसेल यांचं नाव अभ्यासक्रमात गेलं. ॲलिस केली मात्र तळटिपेत राहिली.

(दृश्य : रुळांलगतच्या झोपड्या, ताडपत्रीवर पाऊस. निवेदन थोडं थांबतं.)

आता मुंबई. १९६८ चा पावसाळा. उत्तरेकडच्या उपनगरांत, झोपडीत आणि उघड्यावर झोपलेल्या माणसांची डोकी रात्री ठेचली जात होती. हल्लेखोर कुणी पाहिला नव्हता. तपासाची धुरा गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे आली. दोनतीन वर्षांपूर्वी रेल्वेमार्गालगत असेच हल्ले झाले होते. तेव्हा त्या भागात घुटमळणारा एक माणूस पोलिसांनी धरलाही होता. दरोड्यात पाच वर्षं शिक्षा भोगलेला. वाचलेल्यांपैकी कुणी हल्लेखोराला पाहिलं नव्हतं, म्हणून तो सुटला. पण त्याची माहिती दप्तरात राहिली.

२७ ऑगस्ट १९६८. फौजदार ॲलेक्स फियालो यांना रस्त्यात एक माणूस दिसला, आणि दप्तरातल्या वर्णनावरून त्यांनी त्याला ओळखलं. रामन राघव. सिंधी दळवाई, अण्णा, तंबी, वेलुस्वामी, ही त्याचीच नावं.

(दृश्य : नाट्यरूपांतर. लाकडी टेबल, वरून प्रकाश.)

त्याच्याजवळ काय सापडलं ते आम्ही टेबलावर मांडलं आहे. चष्मा. दोन कंगवे. कात्री. उदबत्तीचं घर. साबण. लसूण. चहाची पूड. आकडेमोड केलेले दोन कागद. अंगात बुशशर्ट आणि खाकी हाफपँट, त्यावर रक्ताचे डाग. बोटांचे ठसे दप्तरातल्या ठशांशी जुळले.

तो बराच काळ बोललाच नाही. मग कुणीतरी विचारलं, काय हवंय? मुर्गी, तो म्हणाला. ती दिली, पुन्हा मागितली, पुन्हा दिली. मग कंगवा, आरसा, तेल. त्यानंतर तो पोलिसांना घेऊन निघाला आणि लपवलेलं हत्यार त्याने दाखवलं. त्याच्या मनात काय आहे हे कळण्याआधी त्याला काय हवंय हे विचारणारा माणूस त्या खोलीत होता. मला विचाराल तर प्रोफायलिंग इथे झालं.

फाशीची शिक्षा झाली. मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने तपासल्यावर ती जन्मठेपेत बदलली. १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडं निकामी होऊन तो गेला.

‘बियाँड बॉर्डर्स’ दोन हंगामांत, २६ भागांवर थांबली. तिच्यातला मॅट सिमन्स मूळ मालिकेत आला.

(दृश्य : पुन्हा रेकॉर्ड रूम. हवालदार गठ्ठा बांधतात. कॅमेरा खालच्या फळीकडे उतरतो.)

जुनी दप्तरं अजून इथेच आहेत. कुठलं प्रकरण कुठल्या फळीवर, हे या हवालदारांना न बघता सांगता येतं. पुढच्या वर्षी ते निवृत्त होत आहेत. त्यांच्या मागच्या भिंतीला ओल आली आहे. खालच्या फळीवरचे गठ्ठे त्यांनी प्लास्टिकच्या पिशव्यांत घातले आहेत आणि प्रत्येक पिशवीवर खडूने वर्ष लिहिलं आहे.