सिमेंटची बंदूक आणि वीस इंची सायकल

नमस्कार. निवेदिकाबाईंनी माझा परिचय 'सायकल क्रीडाप्रकारातले तज्ज्ञ' असा करून दिला, त्यात आधी दुरुस्ती करतो. मी सिव्हिल इंजिनियर. चौतीस वर्षं काँक्रीट ओतलं, त्यातली अकरा दक्षिण कॅलिफोर्नियात. सायकलवरची कसरत मला एकच येते, लक्ष्मी रोडला चालत्या सायकलवरून पाय न टेकता ओळखीच्या माणसाला टाळणे. पत्रिकेवर विषय छापलाय 'दक्षिण कॅलिफोर्नियाने बीएमएक्स फ्रीस्टाइल कशी घडवली'. पंचेचाळीस मिनिटं मिळाली आहेत. त्यातली सात दीपप्रज्वलनात गेली, पंखा बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

फ्रीस्टाइल म्हणजे काय ते ज्यांच्या घरी नातवंडं आहेत त्यांना सांगायला नको. वीस इंची चाकांची बुटकी सायकल, बीएमएक्स म्हणतात ती. तिच्यावरून पोरं हवेत उडून गिरकी घेतात, नाहीतर सपाट जमिनीवर तिच्याशी फुगडी घालतात. 2021 मध्ये टोकियोला तो ऑलिंपिकमधला पदकाचा खेळ झाला. हे सुरू कुणी केलं, असं विचारलं की उत्तर येतं, बॉब हॅरो. उत्तर बरोबर आहे, हॅरोकडे मी येणारच आहे. पण माझा हट्ट असा की माणसाच्या आधी त्याच्या चाकाखाली काय होतं ते बघा. सायकली जगभर होत्या, वात्रट पोरं तर आपल्याकडे जास्तच होती. मग हे सगळं लॉस एंजेलिस ते सान डिएगो या शंभर-सव्वाशे मैलांच्या पट्ट्यातच का उगवलं? माझं उत्तर असं, की तिथलं सिमेंट गोल होतं.

हसू नका. सरळ भिंत आणि सपाट जमीन एवढंच असेल तर सायकल काय करणार? धडकणार. जत्रेतला मौत का कुआँ आठवा. तिथे मोटारसायकलवाला भिंतीवर चढतो, कारण खाली तिरक्या फळ्या असतात. तो कडेने गोल गोल फिरतो. आता कल्पना करा, विहिरीऐवजी वाटी आहे. तळ सपाट, मग भिंत हळूहळू वळत उभी होते. सायकल तळातून सुटते, वळणावर चढते, काठाशी पोचते तेव्हा तिचं तोंड आभाळाकडे असतं. ती काठाबाहेर उडते, पोरगा हवेत तिला वळवतो आणि त्याच वळणावर परत उतरतो. उतरताना आदळत नाही, कारण ज्या वक्रतेने वर पाठवलं तीच खाली झेलते. ही वाटी नसेल तर तो 'एअर' नावाचा प्रकार नाही.

मग वाटी आली कुठून? इथे मला जरा मागे जाऊ द्या. अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, ते मी पाहिलं.

कार्ल एकली नावाचा एक गृहस्थ होता. धंदा काय, तर मेलेल्या जनावरांत पेंढा भरायचा. पेंढा म्हणजे आपण म्हणतो म्हणून, त्याने ती कला फार वर नेली. सर्कसवाल्या बार्नमचा जम्बो हत्ती 1885 मध्ये रेल्वेच्या धडकेने मेला, त्याला उभा करण्याच्या कामात हा होता, विशीतला पोरगा. पुढे 1896 मध्ये आफ्रिकेत बिबळ्याने याच्यावर झेप घेतली, तर याने त्याला नुसत्या हातांनी मारलं. मेलेल्या बिबळ्याशेजारी याचा फोटो आहे, हाताला हे एवढं बँडेज. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आफ्रिकी प्राण्यांचं जे दालन आहे ते याच्याच नावाचं. मधे हत्तींचा कळप उभा आहे. मी दोनदा पाहिलंय. दुसऱ्यांदा बायको बाहेर बाकावर बसली.

तर हा एकली शिकागोच्या फील्ड संग्रहालयात नोकरीला होता. संग्रहालय भरलं होतं 1893 च्या जागतिक प्रदर्शनातल्या एका इमारतीत. हो, तेच प्रदर्शन. त्याच्याच निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले, इमारत मात्र वेगळी. प्रदर्शनातल्या इमारती सहा महिन्यांसाठी उभारलेल्या, दर्शनी भाग प्लास्टरचा. दहा-बारा वर्षांत त्याचे पोपडे पडायला लागले. एवढ्या नक्षीवर गवंड्याने थापीने गिलावा करायचा तर वर्षं जातील. एकलीने जुगाड केलं. सिमेंट आणि वाळूचं कोरडं मिश्रण दाबाच्या हवेने नळीतून पाठवायचं, नळीच्या तोंडाशी पाणी मिळवायचं आणि भिंतीवर मारायचं. फस्स करून बसतं. तीच सिमेंटची बंदूक. 1911 मध्ये पेटंट मिळालं. पेन्सिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनच्या कंपनीने ती विकली आणि त्या सिमेंटचं नाव पडलं गनाइट. हे पेन्सिल्व्हेनिया लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. वेळ उरला तर.

गनाइटचा मोठा गुण इंजिनियरच्या कानाने ऐका. सेंट्रिंग लागत नाही. नेहमीचं काँक्रीट ओतायचं तर आधी फळ्यांचा साचा, आणि फळ्या सरळ असतात म्हणून भिंती सरळ. बंदुकीला साचा नको. खड्डा खणा, सळयांची जाळी आत बसवा, फवारा मारा. खड्डा असेल तसा हौद. शिवाय कोपऱ्यात फवारा नीट बसत नाही, माल उसळून बाहेर येतो, म्हणून कोपरे गोल ठेवणंच सोयीचं. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियात घरामागे पोहण्याचे हौद बांधायची लाट आली. किडनीच्या आकाराचे, बदामाच्या आकाराचे, वाटेल तसे. पेंढा भरणाऱ्याच्या बंदुकीने हजारो वाट्या त्या जमिनीत पुरून ठेवल्या. वर पाणी होतं, एवढंच.

ते पाणी गेलं 1976–77 च्या दुष्काळात. आपल्याकडे दुष्काळात टँकर येतो, तिकडे हौद रिकामे राहिले. सान्ता मोनिकाकडची स्केटबोर्डवाली पोरं कुंपणावरून उड्या मारून आत. मालक कामावरून येईपर्यंत खेळायचं आणि पळायचं. मग धंदेवाल्यांच्या लक्षात आलं की पोरं पैसे द्यायला तयार आहेत. बांधून काढले स्केटपार्क, बहुतेक याच फवाऱ्याच्या तंत्राने. 1977 मध्ये अपलँडला पाइपलाइन नावाचा पार्क उघडला. अपलँड म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं गाव. वरच्या सान अँटोनियो धरणाजवळ पाणी सोडायचा एक प्रचंड गोल पाइप आहे, पोरं आधी चोरून त्यात खेळायची, म्हणून पार्कात तसाच पाइप मुद्दाम बांधला. आणि एक जोडहौद, अर्धा गोल, अर्धा चौकोनी. त्याची नक्कल पुढे 1998 मध्ये व्हॅन्स या बुटांच्या कंपनीने ऑरेंज नावाच्या गावात बांधली. माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. मी तिच्या काठावर पालथं पडून हाताने वळण चाचपलंय. रखवालदाराला वाटलं मला चक्कर आली.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. फक्त त्याआधी आमच्या सोसायटीचा विषय काढल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

आमच्या पार्किंगमागे घोटीव कोबा होता. 1988 सालचा. असा कोबा आता कुणी करत नाही, करणारे गवंडी गेले. निवडुंगाच्या कुंडीवरून पाणी ओघळलं तर सरळ रेषेत नाल्यापर्यंत जायचं, इतका उतार जमवलेला. तिसऱ्या मजल्यावरच्या पोराने वीस इंची सायकल आणली आणि त्या कोब्यावर संध्याकाळी मागचं चाक उचलून पुढच्या चाकावर गिरक्या घ्यायला लागला. पडायचा, उठायचा. मी गॅलरीतून बघायचो. चार महिन्यांनी सर्वसाधारण सभेत विषय आला, 'कोबा निसरडा, ज्येष्ठांना धोका, पेव्हर ब्लॉक बसवणे'. पेव्हर ब्लॉक! या शहरात ज्याला काही सुचत नाही तो पेव्हर ब्लॉक बसवतो. फुटपाथवर पेव्हर, बागेत पेव्हर, देवळापुढे पेव्हर. पहिल्या पावसात खालची कच वाहते, एक ब्लॉक खाली, एक वर, दोन फटींतून गवत. वीस इंची चाक त्या फटीत गेलं की पोरगा हँडलवरून पलीकडे. ठराव एकमताने मंजूर झाला. अनुमोदक कोण? तांत्रिक सल्लागार म्हणून माझी सही आहे. कागद फाइलला आहे, सेक्रेटरी दर दिवाळीला आठवण करून देतात. पोरगा आता एका मॉलच्या तळघरात खेळतो आणि तिथला वॉचमन शिट्टी मारतो.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' बरं.

भराभर सांगतो. सायकल कुठून आली? 1970 च्या आसपास लॉस एंजेलिस भागातली पोरं मोटोक्रॉसची, म्हणजे मोटारसायकलींच्या मातीतल्या शर्यतींची, नक्कल म्हणून लहान सायकलींच्या शर्यती लावायची. बायसिकल मोटोक्रॉस, तेच बीएमएक्स. लाँग बीचला स्कॉट ब्रायथॉप्ट नावाच्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने त्या शर्यतींना संघटनेचं रूप दिलं. म्हणजे माती आणि वाटी, दोन्ही त्याच पट्ट्यात. शर्यतीतली पोरं सायकली घेऊन स्केटपार्कांच्या दारात उभी राहिली. बरेच पार्क सायकलवाल्यांना घेत नसत. अपलँडने घेतलं. एडी फिओला तिथेच तयार झाला, त्याला स्केटपार्कांचा राजा म्हणायचे. ब्रायन ब्लायदर आणि माइक डोमिंगेझ त्याच पाण्यातले. पाणी नव्हतं, पण असो.

हॅरो. जन्म 1958, पासाडेना, वाढला सान डिएगोत. चित्रकार. शर्यतीच्या सायकलींना पुढे लावायच्या नंबरपाट्या घरी बनवून विकायचा. टॉरन्सला बॉब ऑसबर्नचं 'बीएमएक्स ॲक्शन' मासिक होतं, 1976 पासूनचं, त्यात चित्रं काढायला गेला. ते मासिक म्हणजे घरचाच कारभार होता. बाप संपादक, मुलगी विंडी फोटो काढणार, मुलगा आर. एल. सायकलवर. हॅरो आणि आर. एल. यांनी जोडी केली आणि 1980 मध्ये ॲरिझोनातल्या एका शर्यतीच्या ठिकाणी कसरतींचा पहिला जाहीर कार्यक्रम केला. 1982 मध्ये हॅरोने कसरतींसाठीच घडवलेली फ्रेम बाजारात आणली. त्याच वर्षीच्या 'ई. टी.' सिनेमात पोलिसांना चकवणारी ती पोरं आठवतात? त्यातल्या सायकलस्वारांत तोही होता. वाटी आणि मासिक यांच्यात तासा-दीड तासाचा रस्ता, हे महत्त्वाचं. एखाद्या पोराने केलेली उडी दोन महिन्यांत इंग्लंडमधल्या पोराच्या हातात, तीही क्रमाने पाच फोटोंत. बॉब मोरालेसने 1982 मध्ये स्केटपार्कांतल्या स्पर्धांची संघटना काढली, तिच्यातूनच 1984 मध्ये देशभराची संघटना झाली. म्हणजे गावची जत्रा राष्ट्रीय झाली.

आणि तोवर जमीन गेली. पोरं पडायची, वकील यायचे, विम्याचे हप्ते पार्कवाल्यांना परवडेनात. सान डिएगोजवळच्या डेल मारचा पार्क 1987 मध्ये बंद, अपलँडचा 1988 च्या अखेरीस, पुढच्या वर्षी पाडलाच. पोरांनी परसात प्लायवूडचे रॅम्प ठोकले.

'पाच मिनिटे.' हो हो.

माझ्या सिद्धान्ताला खरा धक्का बसतो तो पेन्सिल्व्हेनियातल्या यॉर्कमध्ये. म्हणाल वाट्या नाहीत, मासिक नाही, हिवाळ्यात बर्फ. तिथे केव्हिन जोन्स आणि त्याच्या मित्रांच्या प्लायवूड हूड्स या टोळीने सपाट जमिनीवरच्या कसरतीच उलटवून टाकल्या. कॅलिफोर्नियातली बरीच मंडळी सायकल जागच्या जागी थांबवून, तिच्यावर तोल साधून उभी राहायची. जोन्सने तिला थांबूच दिलं नाही. पाऊल टायरवर घासत, ढकलत, ती फिरतीच ठेवायची. मार्क ईटनने 1988 पासून त्याचे व्हिडिओ काढले, कॅसेटच्या नकला देशभर फिरल्या आणि कॅलिफोर्नियातली पोरं यॉर्ककडून शिकायला लागली. म्हणजे मी खोटा पडलो? मला वाटत नाही. यॉर्कला काय होतं? मोठाले सपाट पार्किंग. जशी जमीन तशी कसरत. ॲलनटाउन तिथून दोनेक तासांवर आहे आणि सिमेंटची बंदूक यॉर्कच्या पोरांच्या काही उपयोगाची नव्हती, याची मला अजून गंमत वाटते.

शेवटचं, आणि हे दाखवायचंच आहे. ही सायकल बघा. मी हँडल पूर्ण गोल फिरवतो. एकदा. दोनदा. तीनदा. ब्रेकची केबल हँडलला गुंडाळली गेली का? नाही. इथे, हँडलच्या दांड्याखाली, ही चकती आहे. वरची केबल वरच्या अर्ध्याला, खालची खालच्या अर्ध्याला, मधे गोळ्यांची बेअरिंग. वरचा भाग फिरतो, खालचा नुसता वर-खाली होतो, ओढ पोचते, पीळ पोचत नाही. ब्रायन स्क्युराने 1980 च्या दशकात ही काढली, तिला जायरो म्हणतात. माझ्या अख्ख्या नोकरीत मला इतकी नीट बसलेली वस्तू करता आलेली नाही.

अध्यक्ष उभे राहिले. ज्यांना हात लावून बघायचंय त्यांनी चहाच्या टेबलाजवळ या. मागच्या चाकाच्या आसाला हे दोन्हीकडे लोखंडी नळकांडे आहेत, त्यांना पेग म्हणतात, नडगीवर आपटतात, धोतरवाल्यांनी जास्त जपा. आणि कृपा करून लवकर या. सायकल तिसऱ्या मजल्यावरच्या पोराची आहे, साडेआठला परत द्यायचं कबूल केलंय.