अडीच वाजताची झोप

(पुण्यातल्या एका सहकारी बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात कर्मचाऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आयोजकांचा फोन आला तेव्हा ते जरा संकोचून म्हणाले, "डॉक्टर, दुपारची वेळ चालेल का? सकाळची सत्रं भरली आहेत." विषय विचारला, तर म्हणाले, "कामावर दुपारी येणारी झोप." म्हटलं, मग यापेक्षा चांगला मुहूर्त मिळायचा नाही. आत्ता अडीच वाजलेत. तुमची जेवणं झालीत, जिलबी होती, ती मीही दोनदा घेतली. पडदे ओढलेत, एसी चालू आहे आणि समोर एक निवृत्त बाई बोलते आहे. प्रात्यक्षिकाची सगळी तयारी आहे. ज्यांना पेंग येईल त्यांनी लाजायचं कारण नाही.

मी पिंपरी-चिंचवडकडच्या एका कारखान्यात बरीच वर्षं वैद्यकीय अधिकारी होते. पहिली पाळी सातला लागायची आणि त्या लोकांचं कँटीनमधलं जेवण अकराला व्हायचं. ऑफिसातली मंडळी एकला जेवायची. दोन्हीकडच्या साहेबांची तक्रार मात्र एकच: "भात बंद करा हो डॉक्टर, लोक डुलक्या काढतात." सुरुवातीला मीही मान डोलावली. मग लक्षात आलं, की अकराला जेवलेला माणूस बारा वाजता चांगला टवटवीत असतो आणि दोनच्या सुमाराला पेंगतो. एकला जेवलेलाही दोन-अडीचलाच पेंगतो. जेवणात दोन तासांचं अंतर, झोप मात्र एकाच वेळी. माझ्या दवाखान्यात एक सिस्टर होत्या. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत नुसत्या चहावर राहायच्या. पोटात भाताचं शीत नाही, तरी अडीचला नोंदवहीवर मान टेकायचीच.

भात अगदी निर्दोष आहे असं नाही, त्याच्याकडे येते. पण मुख्य आरोपी तो नव्हे.

बँकेतली माणसं समोर आहेत म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. सकाळी डोळे उघडले की मेंदूत झोपेचं कर्ज चढायला लागतं. पेशी काम करतात तसा अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. तो जितका साठेल तितकी झोपेची ओढ जास्त. हे व्याज तासातासाला वाढतं आणि उतरतं फक्त झोपेत. दुसऱ्या बाजूला मेंदूतलं घड्याळ आहे. ते उजेडावर चालतं आणि दिवसभर आपल्याला जागं ठेवणारा जोर पुरवतं. हा जोर दिवस चढेल तसा वाढतो आणि संध्याकाळी सगळ्यात जास्त असतो. म्हणून तर दमूनभागून घरी गेलेला माणूस सात-आठ वाजता आपोआप ताजातवाना होतो आणि मालिका बघत बसतो. या दोन गोष्टींचा हिशेब एकत्र मांडला झुरिकचे झोपेचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी, 1982 साली. झोपेच्या अभ्यासात आजही तो पायाभूत मानतात.

आता दुपारी काय होतं? कर्ज सात-आठ तासांचं चढलेलं असतं आणि घड्याळाचा संध्याकाळचा जोर अजून आलेला नसतो. म्हणजे महिन्याची पंचवीस तारीख. हप्ते सगळे कापून गेलेत, पगार व्हायचा आहे. ज्याच्या खात्यात शिल्लक आहे त्याला ही पंचवीस तारीख जाणवतसुद्धा नाही, थोडी ओढाताण होते इतकंच. ज्याचं खातं आधीच उणे आहे, त्याचा चेक परत येतो. ही शिल्लक म्हणजे रात्रीची झोप.

म्हणून माझ्याकडे कुणी दुपारच्या झोपेची तक्रार घेऊन आलं की मी दुपारचं काही विचारतच नसे. रात्री किती वाजता पडता आणि सकाळी किती वाजता उठता, हे विचारायची. सातच्या पाळीसाठी कंपनीची बस पावणेसहाला नाक्यावर यायची. बाई असेल तर डबे करायला साडेचारला उठलेली. रात्री सगळ्यांचं आवरून पडेपर्यंत साडेअकरा. पाच तास झोप. या बाईला दुपारी दोनला झोप येते म्हणून तिचा भात बंद करायचा? मला त्या सल्ल्याची आजही चीड येते. मोठ्या माणसाला साधारण सात ते नऊ तास झोप लागते. दोन तास रोज उधार ठेवायचे आणि दोष भाताला द्यायचा, हा हिशेब जुळत नाही.

हिशेबावरून आठवलं. तुमच्याकडे कॅशची वेळ संपली की ताळा घ्यायचा. नेमका तेव्हा फरक येतो, तोही अशा वेळी की मान वर राहत नाही. मघाशी जेवताना एक हेडकॅशियर सांगत होते, फरकाला नऊने भाग जातो का ते आधी बघायचं. जात असेल तर कुणीतरी आकडे उलटसुलट लिहिलेत. 5,460 च्या जागी 5,640 लिहिलं की फरक 180. मला हे माहीत नव्हतं, फार आवडलं. अशी चूक अज्ञानातून होत नाही. डोळे उघडे असतात, हात लिहीत असतो आणि मेंदू तीन-चार सेकंद बाहेर गेलेला असतो. अशी काही सेकंदांची झोप खरंच लागते आणि माणसाला ती कळत नाही. बँकेत त्यातून 180 रुपयांचा फरक येतो. कारखान्यात प्रेसखाली बोट येतं. महामार्गावर काय होतं ते सांगायला नको. झोपेमुळे होणारे अपघात पहाटे सगळ्यात जास्त होतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण दुपारी दोन ते चार हा त्यांचा दुसरा चढ आहे, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

मग करायचं काय? पहिली गोष्ट फुकट आहे आणि तीच कुणी करत नाही: कामाचा क्रम बदला. बारीक आकड्यांचं, एकट्याने गप्प बसून करायचं काम अडीच ते साडेतीन या वेळात ठेवू नका. कर्जाची फाइल तपासणं, केवायसीचे कागद पडताळणं, हे साडेअकराला घ्या. दुपारी फोन करा, ग्राहकाशी बोला, फाइलिंग करा, उभ्याने करायचं काही असेल ते करा. दोन माणसं बोलत असली की झोप सहज येत नाही. आणि ताळा दुपारीच घ्यावा लागत असेल, तर दोघांनी घ्या, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने टिक करायची. जुने कारकून असंच करायचे. शाखाधिकारी इथे बसलेत त्यांना एक विनंती. आढावा बैठक तीन वाजता, दारं बंद करून, दिवे मालवून, पडद्यावर तक्ते दाखवत घेऊ नका. बंद खोलीत वीस माणसांच्या श्वासाने हवाही जड होते. तुम्ही बोलत असता म्हणून तुम्ही जागे असता. बाकीचे नसतात.

दुसरं, उजेड. लक्स हे उजेडाचं माप. आपल्या ऑफिसात तीनशे-पाचशे लक्स उजेड असतो. बाहेर झाडाच्या सावलीत काही हजार. मेंदूतल्या घड्याळाला हा फरक चांगला कळतो. जेवण झाल्यावर दहा मिनिटं बाहेर चाला. शतपावली आपण रात्रीसाठी राखून ठेवली आहे, पण तिची खरी गरज दुपारी आहे. पाय हलले की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि जेवणानंतरची उसळी कमी होते.

आता भात. भरपेट जेवणाने, त्यातही भात आणि गोड यांनी, मुळात आलेली झोप आणखी खोल होते, हे खरं. म्हणून भात सोडू नका, त्याची पाळी बदला. आधी उसळ, कोशिंबीर, आमटी, मग पोळी, भात शेवटी आणि थोडा. निरोप समारंभाचं जेवण मात्र शुक्रवारी ठेवा, कारण त्या दिवशी दुपारनंतर काम होणार नाही हे आधीच मान्य केलेलं बरं.

चहाबद्दल लोक फार हळवे असतात, म्हणून जपून बोलते. चहातलं कॅफीन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं. कर्ज फिटत नाही, फक्त वसुलीवाल्याला दारात थांबवलं जातं. निम्मं कॅफीन शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे पाचच्या चहातलं निम्मं रात्री दहाला तुमच्यासोबत अंथरुणात आहे. झोप उथळ होते आणि दुसऱ्या दिवशीची दुपार आणखी जड. दुपारचा शेवटचा चहा तीनच्या आत घ्या. पाचचा सोडा. जमणार नाही म्हणता? मग निदान अर्धा कप.

हो, ते तिसऱ्या रांगेतले साहेब झोपलेत, मला दिसलं. हलवू नका त्यांना. मी घड्याळ बघते आहे.

कारण आता मुद्दा वामकुक्षीचा. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस; डाव्या कुशीवर जरा पडणं, इतकाच त्याचा अर्थ. चरकसंहितेत दिवसा झोपणं एरवी वर्ज्य सांगितलंय आणि उन्हाळ्यात, रात्री लहान असतात म्हणून, मोकळीक दिली आहे. पुण्यातल्या एक ते चार बंद दुकानांची आपण इतकी वर्षं चेष्टा केली. गोव्यात तर दुपारी दुकानाचं दार लोटलं म्हणून कुणी हसतही नाही. मला वाटतं, त्यांना शरीर जास्त कळलं होतं. अमेरिकेच्या नासाने 1980च्या दशकाच्या शेवटी लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर हेच करून पाहिलं. कॉकपिटमध्ये एकाने खुर्चीत झोपायचं, बाकीच्यांनी विमान चालवायचं. वैमानिक सरासरी 26 मिनिटं झोपले आणि उरलेल्या प्रवासात न झोपलेल्यांपेक्षा कितीतरी सावध राहिले.

तुम्हाला 26 नकोत, पंधरा-वीस पुरेत. त्याहून जास्त झोपलात तर खोल झोप लागते आणि त्यातून उठवलं की अर्धा तास डोकं बधिर. लग्नघरी दुपारी दोन तास झोपून उठल्यावर सकाळ आहे की संध्याकाळ तेच कळत नाही ना, तसं. एक युक्ती सांगते. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात ड्रायव्हरांवर तिचे प्रयोग झालेत. कॉफी प्यायची आणि लगेच पंधरा मिनिटं डोळे मिटायचे. कॅफीन चढायला वीस-तीस मिनिटं लागतात, तोवर डुलकी होऊन जाते आणि दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. झोप लागली नाही तरी नुसते डोळे मिटून बसा. आणि साडेतीननंतर हा प्रयोग नको, रात्रीची झोप मोडेल.

यातलं सगळं करूनही, रात्री सात-आठ तास झोपूनही दुपार आवरत नसेल, तर मात्र डॉक्टरकडे जा. आमच्याकडे एक ऑपरेटर होता. फोरमनने त्याच्या नावापुढे 'आळशी' असं लेखीच दिलेलं. मी त्याच्या बायकोला बोलावलं. ती म्हणाली, "रात्रभर घोरतात, बाई. मधेच एकदम गप्प होतात, मला भीती वाटते, मग दचकून श्वास घेतात." झोपेत त्याचा श्वास अडत होता आणि आठ तास पडूनही त्याला झोप मिळत नव्हती. उपचार झाले, माणूस सुधारला. तो शेरा मात्र फाइलमध्ये तसाच राहिला. तो काढायला मला वर्षभर भांडावं लागलं. बायकांमध्ये हिमोग्लोबिन आधी बघा. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणजे या सभागृहातही काही जणी असणार. साखर, थायरॉइड आणि शाकाहारी असाल तर बी-12 हेही तपासून घ्या.

"ऑफिसात झोपू द्यायचं का?" अशी चिठ्ठी आलीय, सही नाही. शाखाधिकाऱ्यांचीच असावी. लंच अवरमधली पंधरा मिनिटं, स्टेशनरीच्या खोलीत दोन आरामखुर्च्या आणि दाराबाहेर एक चिटकवलेला कागद, इतकाच खर्च आहे. महिनाभर करून बघा आणि त्या महिन्यातले ताळ्याचे फरक मागच्या महिन्याशी ताडून बघा. पटलं नाही तर खुर्च्या परत करा.

तिसऱ्या रांगेतल्या साहेबांना वीस मिनिटं होत आली. शेजारच्यांनी हळूच उठवा आता. आणि कुणीतरी ते पडदे उघडा.