चार तास, दोन सुया

(पहाट. आरओ प्लांटच्या खोलीचं दार उघडतं.)

डायलिसिस युनिटचा दिवस इथे सुरू होतो. टेक्निशियनदादा नळाखाली बाटली धरतात, पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघतात. मशीनमधून मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर, याच पाण्यापासून बनलेला द्रव जातो, म्हणजे चार तासांत १२० लिटर. एका रुग्णाला. हे सगळं पाणी रक्ताच्या अगदी शेजारून वाहणार, मध्ये फक्त पातळ पडदा. पाण्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीनचंच एक संयुग, राहिलं तर तांबड्या पेशी फुटतात.

(डायलायझर, जवळून.)

हा डायलायझर, रक्त गाळणारी नळकांडी. आत केसासारख्या बारीक, पोकळ अशा हजारो नळ्या. सलाइन सोडताना दादा त्याला तळहाताने थोपटतात ते बघा. अडकलेली हवा सुटावी म्हणून. लहान बाळाला ढेकर काढायला थोपटतात, तसंच दिसतं.

(काकूंचा हात.)

“काकू, झोप लागली का?” विचारता विचारता दादांची बोटं फिस्टुलावर टेकतात. शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडलेली ही जागा मांजर गुरगुरावं तशी थरथरते. युनिटमध्ये तिला ‘थ्रिल’ म्हणतात. थ्रिल लागलं नाही तर सुई नाही. आज लागतंय. एक सुई रक्त बाहेर न्यायला, दुसरी परत आणायला. मागच्या वेळची खूण सोडून थोडं वर टोचायचं. त्याच जागी सारखं टोचलं की शीर फुगते.

(भिंतीवरचं फ्रेम केलेलं प्रमाणपत्र.)

हे कोणी करावं, हे सांगणारा कायदा आता आहे. महाराष्ट्राच्या पॅरामेडिकल कौन्सिलचा कायदा नावात २०११ चा, अधिनियम म्हणून क्रमांक मात्र २०१६ चा. एवढी वाट बघावी लागली. २०२१ मध्ये केंद्राचा कायदा आला: टेक्निशियनला दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचं शिक्षण, आणि राज्याच्या नोंदवहीत नाव. डॉक्टरांचं, नर्सताईंचं नाव त्यांच्या त्यांच्या नोंदवहीत कधीचंच असतं. सुई टोचणाऱ्या या हाताचंही असायला हवं. हाताखाली शिकून तयार झालेल्या जुन्या माणसांचं काय, हा प्रश्न उरतोच.

(मशीनचा अलार्म. दादा उठतात.)

व्हीनस प्रेशर, म्हणजे रक्त परत नेणाऱ्या नळीतला दाब, वाढलंय. काकू कुशीवर वळल्या, नळी कोपराखाली दबली.

“काकू, हात सरळ.”