चेरळाईची आजी

नमस्कार श्रोतेहो. परीक्षा संपल्या की कॉलेजची मुलं गोव्याच्या गाडीत बसतात. आमची पुतणी पुण्यात आर्किटेक्चर शिकते. तिनं यंदा मैत्रिणींना घेऊन कोची गाठलं, त्याची ही गोष्ट.

एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला बोटीनंच जा. टॅक्सी कशाला करायची, काही रुपयांत खाडी ओलांडता येते! पलीकडे मासेमारीची चिनी जाळी, मग सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामा १५२४ साली कोचीतच वारला, त्याला इथंच पुरलं. अवशेष पुढं पोर्तुगालला नेले, आता नुसती जागा आहे. तिथून मट्टनचेरीला. राजवाडा आणि १५६८ सालचं परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शेजारीशेजारी. सिनेगॉगात देवळासारख्या चपला बाहेर काढायच्या. आणि वार सांभाळा: शुक्रवारी राजवाडा बंद, शुक्रवारी-शनिवारी सिनेगॉग बंद. पुन्हा सांगते, शुक्रवारी दोन्ही, शनिवारी सिनेगॉग.

तर या मुली तिथलं जैन मंदिर शोधत चेरळाई भागातल्या एका गल्लीत शिरल्या. फोनची बॅटरी संपलेली. रस्ता कुणी चुकवला यावरून मराठीत कडाक्याचं भांडण जुंपलं. समोर ओट्यावर एक आजी भाजी निवडत बसल्या होत्या. त्या कोकणीत म्हणाल्या, आधी पाणी प्या, मग भांडा.

मुली गारच! केरळात, मल्याळी पाट्यांच्या गल्लीत, ही बाई आपलं भांडण ऐकून हसतेय. आजींचं घराणं पोर्तुगीजांच्या काळात गोवा सोडून आलेलं. असे कितीतरी सारस्वत तिथं आहेत, चेरळाईतलं तिरुमला देवस्वम हे देऊळ त्यांचंच. आजींनी सगळ्यांना आत बसवून भात आणि दाळीतोय वाढलं. (वरणाला मोहरी-कढीपत्त्याची फोडणी द्यायची ती अशी! आपण गूळ घालून वरणाचं पन्हं करतो, असं माझं मत. घरात मान्य नाही.)

जेवताना आजींनी विचारलं, गोव्याला गेलीयेस का गो? पुतणी ऐटीत म्हणाली, हो, दरवर्षी जातो!

"मग आमच्या मंगेशीला गेली असशील."

पुतणी गप्प.

"शांतादुर्गेला?"

पुतणी भातात बघतेय.

"अगो, मग दरवर्षी जाऊन करतेस तरी काय?"

मैत्रिणी हसून हसून लोळल्या. बीचवरच्या शॅकचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. आजी स्वतः गोव्याला कधीच गेलेल्या नाहीत, पण कुलदेवतेच्या देवळाची वाट त्यांना तोंडपाठ.

कोचीच्या या कोकणी माणसांची नावं एका जुन्या ग्रंथातही सापडतात. मलबारच्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ डच गव्हर्नर व्हान रेडेनं करून घेतला. १६७८पासून तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याला माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीचेच तीन कोकणी वैद्य होते. त्यांचं नागरी लिपीतलं निवेदन पहिल्या खंडात छापलेलं आहे.

राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रं सांगायची राहिली, पण वेळ संपली. जैन मंदिर मात्र मुलींना सापडलं. आजींचा नातू सोडायला आला होता. नमस्कार.