अडतीस लाल ओळी

[पडद्यावर नागिऑस या सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं पान. वरची ओळ हिरवी, खालच्या लाल.]

ही हिरवी ओळ पिंगची. सर्व्हर जागा आहे, हाकेला ओ देतोय. त्याच सर्व्हरची डिस्कची ओळ मात्र लाल. एकाचं असं झालं असतं तर समजून घेतलं असतं. इथे एका रात्रीत अडतीस सर्व्हर आजारी दिसतायत. एवढे सगळे एकदम पडत नाहीत. मग नाडी बघणाऱ्या वैद्याकडेच संशयाने बघावं लागतं.

नागिऑस हा तो वैद्य. इथन गॅल्स्टॅड यांनी १९९९ मध्ये तो 'नेटसेंट' म्हणून आणला; सेंट म्हणजे संत. पुढे नावाच्या हक्काचा प्रश्न आला आणि २००२ मध्ये बारसं पुन्हा झालं. नव्या नावाची फोड त्यांनी मिश्कीलपणे केली: नागिऑस आता संतपदाचा हट्ट धरणार नाही.

[दोन सर्व्हर, मधे एक रेघ.]

हा वैद्य दुसऱ्याच्या घरात शिरत नाही. प्रत्येक सर्व्हरवर एनआरपीई नावाचा निरोप्या ५६६६ क्रमांकाच्या पोर्टवर कान लावून बसलेला असतो. "डिस्क बघ" असा निरोप आला की तो तिथल्या तिथे प्लगइन, म्हणजे तपासणीचा छोटा प्रोग्रॅम, चालवतो आणि उत्तर पाठवतो. शून्य म्हणजे ठीक, एक म्हणजे सावध, दोन म्हणजे गंभीर, तीन म्हणजे काहीच कळत नाही.

[काळा टर्मिनल. निरोप पाठवणारं चेक-एनआरपीई हाताने चालवलं जातंय.]

उत्तर आलं: एसएसएल हँडशेक, म्हणजे सांकेतिक बोलणं सुरू करण्याआधीची ओळखपाळख, पूर्ण होऊ शकला नाही.

हे वाक्य फार दिशाभूल करतं. वाचणारा थेट सर्टिफिकेट आणि ओपन-एसएसएलच्या आवृत्त्यांच्या मागे लागतो. मीही लागलो होतो, चांगले दोन तास. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

खरं तर फायरवॉलने निरोप गिळला असता तर दहा सेकंद वाट बघून टाइमआउट आला असता. निरोप्याच जागेवर नसता तर 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. इथे दार उघडलं आणि लगेच तोंडावर आपटलं. मग त्या दूरच्या सर्व्हरवर बसून तोच निरोप १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे त्याचा त्यालाच, पाठवला. एनआरपीईने मुकाट्याने आपली आवृत्ती सांगितली. घरच्यांशी बोलतो, पाहुण्याशी नाही.

[लॉगची एक ओळ हळूहळू मोठी होते.]

सिसलॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, चक्क लिहिलं होतं: या होस्टला आमच्याशी बोलायची परवानगी नाही.

आदल्या संध्याकाळी आम्ही नागिऑस नव्या यंत्रावर हलवला होता. त्याचा पत्ता बदलला, आणि अडतीस ठिकाणच्या 'अलाउड होस्ट्स'च्या यादीत जुनाच राहिला. अनोळखी पत्ता दिसला की एनआरपीई हँडशेक सुरू होण्याआधीच जोडणी तोडतो, आणि पलीकडच्याला वाटतं एसएसएल बिघडलं. यादीत नवा पत्ता घातला. एनआरपीई पुन्हा सुरू करायला विसरलो, म्हणून आणखी पाच मिनिटं डोकं खाजवलं. तेही सांगून टाकतो.

[बऱ्याच ओळी हिरव्या. एक केशरी, एक लाल.]

केशरी ओळीचं कारण वेगळं: 'उत्तर वाचता आलं नाही'. घाईत कुणीतरी, म्हणजे मीच, ते प्लगइन रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून चालवून बघितलं होतं. ते व्यवस्थित चाललं. पण जाताना टेंप फोल्डरमध्ये रूटच्या मालकीची फाइल ठेवून गेलं. एनआरपीई चालतो साध्या वापरकर्त्याच्या नावाने. त्याला त्या फाइलवर लिहिता येईना, म्हणून प्लगइन काही न बोलताच मरत होतं. हाताने तपासायचं तर सुडो ही दुसऱ्याच्या नावाने काम करवणारी आज्ञा वापरून त्याच वापरकर्त्याच्या नावाने तपासावं, रूट म्हणून कधीच नाही. फाइल काढली, ओळ हिरवी झाली.

उरली ती एक लाल. यादी तपासली, बरोबर. लॉग बघितला, स्वच्छ. प्लगइन त्याच वापरकर्त्याच्या नावाने चालवलं. उत्तर आलं: दोन.

डिस्क खरंच भरली होती. रात्रभर, त्या सदतीस खोट्या लाल ओळींच्या गर्दीत.