रकाना म्हणजे काय?

(दृश्य: निफाड तालुका, द्राक्षबाग, सकाळ)

गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला, महिना झालाय. फवारणीचा ब्लोअर थांबला की आप्पा बांधावर बसून वही उघडतात. तारीख, औषध, प्रमाण, पीएचआय (फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबायचे दिवस). पेनानं आखलेले चार रकाने. माल युरोपला धाडायचा तर ही वही चोख लागते.

आजची नोंद ही झाली एक गोष्ट. रकान्यांची नावं ही दुसरी; ते मॉडेल. तिसरी मात्र कुणी वहीत लिहीत नाही: रकाना म्हणजे काय? त्याला नाव हवं, त्यात तारीख बसते की आकडा ते ठरायला हवं, एकच बसतं की अनेक, तेही. हे मेटामॉडेल.

मग या नियमांचे नियम कुठं लिहायचे? आणि त्यांचे? संपायचंच नाही. सॉफ्टवेअरची मानकं ठरवणाऱ्या ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपनं १९९७ साली मंजूर केलेल्या मॉफमध्ये, म्हणजे मेटा ऑब्जेक्ट फॅसिलिटीत, यावर तोड आहे. सगळ्यात वरचा थर स्वतःचं वर्णन स्वतःच्याच शब्दांत करतो.

(दृश्य: नाशिक, कॉलेज रोड, लॅपटॉप)

आप्पांची वही मी इक्लिप्सच्या ईएमएफमध्ये, म्हणजे मॉडेलवरून कोड तयार करणाऱ्या साधनात, उतरवतोय. तिथल्या मेटामॉडेलचं नाव ईकोर. प्लॉट, फवारणी, औषध हे ईक्लास, म्हणजे वस्तूंचे प्रकार. तारीख हा ईॲट्रिब्यूट, म्हणजे साधा रकाना. फवारणीकडून औषधाकडे जाणारा दुवा म्हणजे ईरेफरन्स. आणि ईक्लास? ईकोरमध्ये तोही एक ईक्लासच! एवढं मांडलं की जावाचा कोड आणि माहिती भरायचा एडिटर आपोआप तयार.

‘आपोआप’ हा शब्द जरा जपून घ्यावा. तयार झालेल्या प्रत्येक मेथडच्या, म्हणजे एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या, डोक्यावर ‘ॲट जनरेटेड’ अशी खूण असते. मेथड हातानं बदलली तर त्यापुढं ‘नॉट’ लिहायचं, नाहीतर पुढच्या जनरेटला आपलं लिहिलेलं पुसलं जातं. पीएचआयचे दिवस मोजणारा माझा कोड असाच गेला. चूक माझीच.

(फोन वाजतो)

“अरे, काल एकाच टाकीत दोन औषधं मारली. तुझ्यात एकच बसतंय.”

औषधाच्या ईरेफरन्सवर अप्पर बाउंड, म्हणजे जास्तीत जास्त किती बसतील तो आकडा, १ आहे. तिथं उणे १ लिहितो. ईएमएफच्या हिशेबात उणे १ म्हणजे कितीही. पुन्हा जनरेट. काल एक औषध परत देणारी मेथड आता अख्खी यादी देते, आणि तिच्या भरवशावर मी हातानं लिहिलेल्या कोडवर चुकांच्या लाल फुल्या उमटतात. मोजतो. अकरा.

“आप्पा, आजच्या दिवस वहीतच लिहा.”