विचारणाऱ्याला उत्तर देताना

प्रिय श्रोतेहो, प्रभू येशूच्या नावात आपणा सर्वांना सलाम.

सुवार्ता सांगणे हे पाळकसाहेबांचे काम, असे आपल्या मंडळ्यांत बरेच जण धरून चालतात. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मात्र हे काम सगळ्याच विश्वासणाऱ्यांवर सोपवलेले आहे. तुमच्या आशेविषयी कोणी विचारले तर उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यपणे द्या, असे तिथे सांगितले आहे. आज त्या तयारीविषयी बोलू.

प्रेषितांच्या कृत्यांतला आठवा अध्याय उघडा. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार गाझाच्या वाटेवर रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचतो आहे. फिलिप धावत जवळ जातो, तो काय वाचतो आहे ते ऐकतो आणि एवढेच विचारतो, ‘वाचताय ते समजते का?’ खजिनदाराने विनंती केल्यावरच तो रथात चढतो, आणि बोलायला सुरुवात करतो ती त्याच उताऱ्यापासून. आपण बहुतेक वेळा आधी बोलतो आणि समोरच्याचे ऐकायचे राहूनच जाते.

आता आपली साक्ष, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो याची हकिकत. वहीचे एक पान घ्या. कृत्यांच्या सव्विसाव्या अध्यायात प्रेषित पौल अग्रिप्पा राजापुढे बोलतो, तो क्रम धरा: आधीचे आयुष्य, दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर झालेली प्रभूची भेट, त्यानंतरचे आयुष्य. तीनशे-साडेतीनशे शब्द पुरेत. सावकाश बोलायला तीनेक मिनिटे लागतात. चूक होते ती पहिल्या भागात. दारू, भांडणे, कर्ज यांचे वर्णन रंगत जाते आणि येशू शेवटच्या दोन वाक्यांत उरकला जातो. म्हणून आधीचे आयुष्य सात-आठ ओळींत संपवा. मधल्या भागात कुठे, कोणामुळे, कोणते वचन वाचून, हे नेमके सांगा. शेवटच्या भागात जे अजून बदललेले नाही तेही सांगा. घरचे आपल्याला रोज पाहतात, वाढवून सांगितलेले त्यांना लगेच कळते. ‘रक्ताने धुतला गेलो’ हे मंडळीत सगळ्यांना समजते. शेजाऱ्याला ‘माझ्या पापांची क्षमा झाली’ असे सांगा.

शेजाऱ्याच्या देवघरावर मात्र एक शब्दही वाईट बोलू नका. अथेन्समधल्या मूर्ती पाहून पौलाचा जीव कासावीस झाला होता, तरी तिथल्या अरीयपग टेकडीवर तो बोलला ते त्यांच्याच एका वेदीपासून, त्यांच्याच कवींच्या ओळी घेऊन.

आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा, पण औषध बंद करायला कधीही सांगू नका. पैसे, नोकरी, शाळेतला प्रवेश यांचा विश्वासाशी संबंध जोडू नका. मदत करायची ती गरज पाहून करा, ती व्यक्ती पुढे उपासनेला आली नाही तरी. घटनेचे २५ वे कलम आपल्याला धर्माचा प्रचार करण्याचा हक्क देते. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितले. मला हे बंधन वाटत नाही. मन पालटणे हे पवित्र आत्म्याचे काम आहे, ते आपल्या हातात कधीच नव्हते.

कोणी वाचायला मागितले तर सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानाने करून द्या. सोळाच अध्याय आहेत, रोज एक वाचला तर सोळा दिवसांत संपते. पूर्ण बायबल हातात दिले की माणूस उत्पत्तीपासून सुरू करतो आणि लेवीय या नियमांच्या पुस्तकात अडकतो.

आणि घाई नको. कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यांनी तो वाचला, विचार केला, पत्रव्यवहार केला, आणि १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्याचा जबर धक्का बसला, त्या कित्येक वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तो १९०० साली, स्वतःच्या मनाची खात्री झाल्यावर. आपल्या घरात एकालाच विश्वास लाभला असेल, तर हा काळ ध्यानात ठेवा. नवऱ्याशी किंवा सासूशी रोज वाद घालू नका. विचारतील तेव्हा सांगा.

प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर तसे मोकळेपणाने कबूल करा. प्रश्न लिहून घ्या, पाळकांना विचारा, आणि पुढच्या रविवारच्या आत उत्तर घेऊन परत जा.